सोळा तास मॅट, मुक्काम पोस्ट नंदुरबार

मंगळ बाजारातल्या काउंटरवर फाउंडेशनची एक नवी बाटली आली आहे. तिच्यावर तीन वचनं छापलेली आहेत: तेल शोषून घेईल, डाग झाकेल आणि सोळा तास मॅट राहील. मॅट म्हणजे चेहरा चकाकणार नाही. हे सोळा तास कुठल्या गावचे, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. पुण्याच्या एसी ऑफिसातले सोळा तास वेगळे आणि मे महिन्यात शहाद्याच्या स्टँडवर धडगावच्या गाडीची वाट बघताना जाणारे सोळा तास वेगळे. किंमत साडेतीनशे रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे दिवसभर माती उपसावी, वर अडतीस रुपये उसने घ्यावेत, की चेहऱ्याची सोय झाली.

माझी त्वचा कंपन्यांच्या भाषेत ‘प्रॉब्लेम स्किन’ आहे. कॉलेजात असताना आलेले फोड गेले, पण जाताना खुणा ठेवून गेले. कपाळ, नाक आणि हनुवटीवर सकाळी दहालाच इतकं तेल असतं की डाळीची फोडणी निघावी. असा चेहरा घेऊन मी दुकानात उभी राहिले, तेव्हा दुकानदार भाऊंच्या डोळ्यांत जी चमक आली, ती कुठल्याही फाउंडेशनने मॅट झाली नसती.

शेड निवडायची पद्धत आपल्याकडे शास्त्रशुद्ध आहे. भाऊ ट्यूबलाइटखाली बाटली उघडतात, एक थेंब स्वतःच्या मनगटावर लावतात आणि म्हणतात, “बघा ताई, कसा मस्त बसला!” त्यांच्या मनगटाला शोभला, म्हणून तो मी माझ्या नाकाला लावायचा. मी दोन नंबर गडद मागितला तर ते दुखावले. “नाही हो ताई, तुम्ही तर उजळ आहात!” यात त्यांचा दोष नाही. गिऱ्हाइकाला सावळं म्हणणं हा इथल्या बाजारात अपमान धरतात. त्यामुळे काउंटरपुढे उभी असेपर्यंत जिल्ह्यातली प्रत्येक बाई दोन नंबर गोरी असते, आणि घरी येऊन आरशापुढे उभी राहिली की पुन्हा जिल्ह्यात येते.

शेडची नावं वाचायला मी चष्मा काढला. वर्षानुवर्षं आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या एका देशी ब्रँडच्या फाउंडेशनची नावं मार्बल, पर्ल, शेल, कोरल अशी होती. संगमरवर, मोती, शिंपला, पोवळं. नंदुरबारला समुद्र नाही. आहे ती तापी, उत्तरेच्या हद्दीवर नर्मदा आणि मध्ये सातपुडा. इथल्या चेहऱ्यांसाठी नावं ठेवायची, तर भाजलेली चारोळी, वाळलेलं मोहफूल, सातपुड्याचं आमचूर आणि तापीकाठची काळी अशी ठेवायला हवीत. २०१७ साली रिहाना नावाच्या गायिकेने एकदम ४० छटांचं फाउंडेशन आणलं आणि जगातल्या कंपन्यांमध्ये छटा वाढवायची शर्यत लागली. आमच्या काउंटरवर त्या शर्यतीतल्या तीन छटा पोचल्या: गोरी, जास्त गोरी आणि ‘ताई, ही संपली, पुढच्या आठवड्यात येईल’.

मी मधली घेतली. लावल्यावर कानापासून हनुवटीपर्यंत स्पष्ट रेघ उमटली. नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना ही रेघ समजेल. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि सीमा थेट फलाटावरून गेली. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि एकच बाकडं दोन्ही राज्यांत. माझा जबडा त्या दिवशी नवापूर झाला होता. गल्लीतल्या मावशींनी दारातूनच विचारलं, “काय व माय, तोंडले पीठ लायं का?”

आता तेलाचं. फाउंडेशनमध्ये तेल टिपायला सिलिका किंवा केओलिनसारखी पांढरी मातीची पूड घालतात. ती पूड आपल्या मापानं तेल पिते, पोट भरलं की थांबते. त्वचेच्या ग्रंथींना मात्र थांबायची सवय नाही. त्यात ऊन. मे महिन्यात इथला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो, तेव्हा घाम आणि तेल मिळून त्या पुडीवर धरणं धरतात. मग थर नाकाच्या कडेला गोळा होतो, खुणांवरून सरकतो आणि ज्या डागाला झाकायला आणला होता, त्याच्याभोवती रिंगण धरून उभा राहतो. ज्याला डाग दिसला नव्हता, त्यालाही आता दिसतो. शिवाय रंगद्रव्य तेलात भिजलं की गडद दिसतं. सकाळी गोरी असलेली मी दुपारपर्यंत माझ्या खऱ्या रंगाची झाले. बाटलीने केलेलं हे एकमेव प्रामाणिक काम.

आमच्याकडे याच्या वर आणखी एक थर बसतो, जो बाटलीवर लिहिलेला नाही: मिरचीचा. थंडीच्या दिवसांत शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि वारा फिरला की अख्खं नंदुरबार शिंकतं. पथारीवर देठं खुडणाऱ्या बाया चेहऱ्याला फडकं गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून बसतात. ऊन, धूळ, तिखट, सगळ्याला पुरून उरणारं ते फडकं. धुता येतं, रोज नवं घ्यावं लागत नाही, शेड कुठलीही चालते. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकायला काही उरत नाही.

बाटलीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली तर करमणूक होते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड: तांबडा, पिवळा, काळा. लोहाचा तांबडा ऑक्साइड म्हणजे आपला गेरू, आणि पिवळा म्हणजे त्याच घराण्यातली पिवडी. गावात भिंत सारवून झाली की बायका गेरूनं किनार काढतात. जुन्या नाटकवाल्यांच्या रंगपेटीतही सफेदा, पिवडी, काव आणि मुर्दाडशिंगच असायचं. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. ते लावून नट राजा व्हायचे आणि त्वचेची वाट लावून घ्यायचे. पुढे हॉलिवुडच्या मॅक्स फॅक्टरने सिनेमासाठी ‘पॅनकेक’ काढला, आणि आपल्या रंगपटातही तो शब्द रुळला. तेव्हा हा थर मुळात दिव्यांच्या झोतात उभं राहणाऱ्या नटासाठी होता. प्रयोग संपला की नट खोबरेल तेलानं तोंड पुसून घरी जायचा. आमचा प्रयोग सोळा तासांचा आहे आणि मध्यंतर नाही.

बारीक अक्षरांतलं एक चौथं वचन मला फार आवडलं: ‘रंध्रं बंद करत नाही, फोड आणत नाही’. एके काळी या वचनाची चाचणी सशाच्या कानात पदार्थ लावून करत. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे. चांगलं झालं. ससा सुटला, मंगळ बाजार सापडला. शेजारच्याच बाटलीवर तर त्वचा ‘पोरलेस’, म्हणजे बिनरंध्रांची करून देण्याची हमी आहे. रंध्रं नसलेला माणूस त्रेचाळीस अंशांत किती वेळ उभा राहील, हे त्या कंपनीने एकदा इथं येऊन पाहावं. घाम न येणारा मनुष्य आपण आजवर फक्त निवडणुकीच्या पोस्टरवर पाहिला आहे.

इथपर्यंत गंमत ठीक आहे. पण फाउंडेशनचं गिऱ्हाईक तयार कुठं होतं, ते पाहायला दोन दुकानं पलीकडे जावं लागतं, मेडिकलमध्ये. तिथं एखादी मुलगी हळू आवाजात “चेहऱ्याची क्रीम” मागते आणि तिला एक ट्यूब मिळते, जिच्यात स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, ट्यूबचं नाव हातोहात जातं. काही महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात लालबुंद होते, लव वाढते, फोड येतात. लावणं थांबवलं की आणखी भडकते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं यावर ओरडत आले आहेत. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीचं काम अजूनही हळू आवाजच करतो. मग बिघडलेला चेहरा झाकायला तीच मुलगी काउंटरवर येते आणि भाऊ म्हणतात, “ताई, सोळा तास.”

१९७५ साली आलेल्या एका क्रीमने दोन पिढ्यांना शिकवलं की नोकरी आणि नवरा दोन्ही गोरेपणाच्या मागं येतात. २०२० च्या जुलैत तिच्या नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. देशभर अग्रलेख झाले. इथं कुणाला काही फरक पडला नाही. गिऱ्हाईक जुनं नाव घेऊन मागतं, दुकानदार नव्या नावाची ट्यूब देतो, दोघंही समाधानी. लग्नाच्या बायोडाट्यातला ‘रंग: गोरा’ हा रकाना तर कुठल्याच कंपनीच्या हातात नाही, तो आपल्या हातात आहे, म्हणून बदललेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यात चेहरा हा तसा सरकारी कागद आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. असा दौरा ठरला की गावाला जसा रंगाचा नि डांबराचा एक हात फिरतो, तसा तिथंही फिरला. तो थर किती तास टिकायचा, ते त्याच्याही बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. २०१८ पासून अख्खा जिल्हाच केंद्राच्या ‘आकांक्षित’, म्हणजे मागास, जिल्ह्यांच्या यादीत आहे. सरकारी भाषेतली प्रॉब्लेम स्किन.

तर आधार आल्यापासून चेहऱ्याला काम लागलं ते लागलंच. रोजगार हमीवर हजेरी म्हणजे मोबाइलवर फोटो, दिवसातून दोनदा. अंगणवाडीतून घरपोच आहाराचं पाकीट घ्यायचं तर १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळून घ्यावा लागतो. बाटली म्हणते चेहरा बदला, मोबाइल म्हणतो चेहरा जुळवा. आधारवरच्या फोटोशी नुकतंच फाउंडेशन लावलेला चेहरा जुळतो का, हा संशोधनाचा विषय आहे. माझा साधा चेहराही त्या फोटोशी जुळत नाही, पण ते सगळ्यांचंच असतं.

या सगळ्यात टिकाऊ रंगभूषा म्हणून मी कुणाला मानत असेन, तर होळीच्या काळात गेर नाचणाऱ्या आदिवासींना. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला दुरून लोक येतात. नवस केलेले पुरुष अंगाला राख फासतात, पांढरे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले दुधी आणि घुंगरं बांधतात. व्रताचे दिवस अंघोळ नाही, पायात चप्पल नाही, निजायचं ते भुईवर. रात्रभर ढोलावर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. राख घामानं उतरते, पुन्हा फासतात, पुन्हा नाचतात. कुणी त्यांना “जरा टचअप करा” असं म्हणत नाही. मुळात तो रंग दिसण्यासाठी लावलेला असतो. साडेतीनशे रुपये देऊन लावलेला आणि लावलाय हे दिसताच फसलेला असा रंग त्यांच्या डोक्यात शिरणं कठीण आहे.

तरीही कंपनीला सोळा तासांची खात्री असेल, तर माझी हरकत नाही. चाचणी इथं घ्यावी. पहिली, मे महिन्यात तळोद्याहून एसटीच्या खिडकीशी बसून चांदसैली घाटातून धडगाव, आणि त्याच दिवशी परत. दुसरी, जानेवारीत मिरचीच्या पथारीवर एक पूर्ण दिवस, फडकं न बांधता. तिसरी, काठीला रात्रभर ढोलाजवळ, पहाटेपर्यंत. आणि चौथी, टेंभलीत जाऊन मोबाइलसमोर चेहरा धरायचा. ‘चेहरा जुळला’ असं आलं तर बाटलीनं काहीच केलेलं नाही, सबब पैसे परत. ‘जुळला नाही’ असं आलं तर आहाराचं पाकीट कंपनीने भरून द्यायचं. आणि नेटवर्कच नसेल, तर बाटली पास.