रिवॉर्ड पॉइंटांची पैसेवारी : एक खुले पत्र

रा. रा. रिवॉर्ड पॉइंट,
मुक्काम : क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलाचा उजवा कोपरा,
यांसी सा. न. वि. वि.

ज्या चलनावर कोणत्याही सरकारची मुद्रा नाही, ज्याचे मोल मिळवताना एक आणि खर्चताना दुसरे असते, आणि जे खात्यात पडून राहिले तर दोन-तीन वर्षांनी निमूटपणे देणाऱ्याच्याच घरी परतते, अशा चलनाला मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या समाजात एवढी प्रतिष्ठा मिळावी, ही अर्थशास्त्राच्या इतिहासात नोंदवण्याजोगी घटना असून तिचे श्रेय पॉइंट महाशयांखेरीज कोणालाही देता येणार नाही. प्रस्तुत पत्राचा हेतू त्यांचे अभिनंदन करणे एवढाच आहे. त्या ओघात त्यांच्या किमतीचा हिशेब निघालाच, तर तो आनुषंगिक मानावा.

महाशयांचा कुळवृत्तांत पाहता घराणे जुने आहे. अमेरिकेतील स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ मध्ये काढलेली हिरवी तिकिटे हा त्यातला ठळक पूर्वज मानता येतो. दुकानदार ही तिकिटे कंपनीकडून विकत घेऊन गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात देत, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात घरगुती वस्तू नेई. पुढे १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैलांची योजना सुरू केली आणि चिकटवायचा डिंकही इतिहासजमा झाला. पूर्वजांचा एक गुण मात्र वंशजाने टिकवला आहे : तिकिटाची किंमत दुकानदार देई आणि आभार कंपनीचे मानले जात.

भिन्न कार्डांच्या पॉइंटांची तुलना का करता येत नाही, हे समजण्यासाठी मराठी वाचकाला परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही, कारण त्याच्या पणजोबांच्या पणजोबांनी हीच अडचण रोज बाजारात सोसली होती. पेशवाईत आणि तिच्यानंतरही काही काळ अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. नाव सर्वांचे रुपया, परंतु चांदीचा कस आणि वजन निराळे, म्हणून एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना सराफ जी वजावट करी तिला बट्टा म्हणत. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला आणि सराफाच्या पेढीवरचा हा कज्जा हळूहळू मिटला. पॉइंट महाशयांनी तो पुन्हा उभा केला आहे. फरक एवढाच की आता टांकसाळ आणि सराफी एकाच घरात आहे, आणि आपल्या नाण्याचा बट्टा किती हे टांकसाळवालाच, तोही नाणे लोकांच्या हाती गेल्यावर, ठरवतो.

तेव्हा तुलनेसाठी महसूल खात्याची एक परिचित पद्धत उसनी घेणे सोयीचे ठरेल. गावातील पिकाचे अपेक्षित उत्पन्न शंभर पैसे धरून प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या किती पैसे आले हे काढतात, त्या अंदाजाला पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नासच्या खाली गेली की टंचाईचा विचार सुरू होतो. पॉइंटाचीही पैसेवारी काढता येते, फक्त एकाच पॉइंटाची ती तीन-तीन निघते. एखाद्या उंची कार्डावर पॉइंट बँकेच्याच संकेतस्थळावरून विमानाचे तिकीट काढण्यासाठी वापरला तर त्याचा रुपया होतो, वस्तूंच्या यादीतून मिक्सर किंवा प्रवासी बॅग घेतली तर त्याहून बराच कमी, आणि थेट बिलातून वजा करा असे म्हटले तर तीसच पैसे. साध्या कार्डांवर वीस-पंचवीस पैसे हा भाव सर्रास आढळतो. पन्नासच्या खालची ही पैसेवारी असूनही दुष्काळ कोठेच जाहीर होत नाही, उलट जाहिरातीत सुगीच चाललेली असते.

एक उदाहरण जवळून पाहावे. दर १५० रुपयांच्या खर्चाला ४ पॉइंट, असे एका कल्पित परंतु अगदी नेहमीच्या घाटाच्या कार्डाचे वचन आहे आणि बिलातून वजावट घेताना पॉइंटाचा भाव २० पैसे आहे, असे धरले, तर कागदावर परताव्याचा दर शेकडा ५३ पैसे येतो. आता या कार्डाने किराणा दुकानात ४४५ रुपयांचे बिल चुकते केले, तर त्यात पूर्ण दीडशे दोनच बसतात, उरलेले १४५ रुपये हिशेबात धरलेच जात नाहीत, पॉइंट ८ मिळतात, म्हणजे १ रुपया ६० पैसे, आणि दर शेकडा ३६ पैशांवर उतरतो. तोच दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला न मागता वरचे पाच रुपये सोडतो, पण त्याच्या या योजनेचे माहितीपत्रक निघत नसल्याने तिची गणना कोणी करत नाही. पुढे १,८७,५०० रुपये खर्चून ५,००० पॉइंट साठले आणि त्यांचे १,००० रुपये करून घ्यायचे ठरले, तर अनेक बँका या सोडवणुकीसाठी ९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे जाऊन हाती ८८३ रुपये १८ पैसे येतात आणि दर शेकडा ४७ पैसे होतो. याच कार्डाची वार्षिक वर्गणी २,५०० रुपये असेल तर करासह ती २,९५० होते; वर्षाला २,४०,००० रुपये खर्च करणाऱ्याला ६,४०० पॉइंट, म्हणजे रोखीत १,२८० रुपये मिळतात आणि बक्षीस मिळवण्याच्या आनंदापोटी तो पदरचे १,६७० रुपये मोजतो. विमान तिकिटासाठी पॉइंट पन्नास पैशांना धरला तर मात्र त्याला वर्षाकाठी २५० रुपयांचा नफा होतो, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे.

याच्या शेजारी दर खर्चावर सरसकट दीड टक्का रोख परत देणारे, वर्गणी नसलेले कार्ड ठेवले, तर त्याच २,४०,००० रुपयांवर ३,६०० रुपये मिळतात आणि तुलना एका ओळीत आटोपते. रोख परताव्याच्या कार्डांबद्दल पॉइंटप्रेमी मंडळींत जी किंचित तुच्छता असते तिचे कारण बहुधा हेच असावे. ज्याचा हिशेब एका ओळीत होतो त्यात पांडित्याला वाव राहत नाही.

पांडित्याचे खरे क्षेत्र मैलांचे आहे. पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत वळवावेत, मैलांवर वरच्या वर्गाचे तिकीट मिळवावे, त्या तिकिटाची छापील किंमत दोन लाख रुपये आहे म्हणून पॉइंटाला दोन-अडीच रुपये भाव पडला असे म्हणावे, ही पद्धत रूढ आहे आणि अंकगणित म्हणून ती बिनचूकही आहे. त्रुटी एवढीच की तो प्रवासी एरवी दोन लाखांचे तिकीट कधीच काढणार नव्हता, मागच्या वर्गाचे चाळीस हजारांचे काढणार होता, म्हणून त्याचे वाचले ते चाळीस हजार. उरलेला लाभ पाय पसरण्याचा आहे, तो खोटा नाही, परंतु तो रुपयांच्या रकान्यात मांडता येत नाही. शिवाय मैलांचा विनिमयदरही टांकसाळीच्या मर्जीवर असतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटांचे ४ मैल होत, ते १ सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण धारकांसाठी ५ पॉइंटांचे २ झाले, म्हणजे ज्याने लाख पॉइंट जपून ठेवले होते त्याचे ८०,००० मैल एका तारखेने ४०,००० झाले. सरकारी चलनाचे असे अवमूल्यन झाले असते तर संसदेत गदारोळ उडाला असता. येथे सूचना देऊन नियम बदलले आणि ते नियमांत बसणारेच होते.

कोणत्या खर्चाला पॉइंट मिळेल, हा याहून गूढ विषय. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला व्यवसायानुसार चार आकडी संकेतांक दिलेला असतो (किराणा ५४११, पेट्रोल पंप ५५४१, घरभाडे बहुधा ६५१३), आणि पॉइंट वस्तूकडे न पाहता या आकड्याकडे पाहतो. त्यामुळे पंपाच्या आवारात घेतलेली बिस्किटेही पेट्रोलच्या खाती जमा होऊन पॉइंटाला मुकण्याचा संभव असतो. घरभाडे, इंधन, पाकिटात भरलेले पैसे, सरकारी भरणा, हप्त्यांवर घेतलेला फ्रीज हे खर्च बहुतेक योजनांतून वगळलेले असतात, विजेच्या बिलावर आणि विम्यावर मर्यादा असते, म्हणजे मध्यमवर्गीय घरातील जे खर्च टाळता येत नाहीत त्यांच्याशी महाशयांनी सोयरीक ठेवलेली नाही.

हा पैसा येतो कोठून, या प्रश्नावर महाशय स्वभावतः मौन पाळतात. कार्डाने शंभर रुपये चुकते झाले की दुकानदाराच्या खात्यात साधारण अठ्ठ्याण्णव जमा होतात. कापलेल्या रकमेला व्यापारी सवलत दर म्हणतात, सराफांच्या भाषेत हाही बट्टाच, आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, ज्यातून पॉइंट जन्मतो. हा झरा आटला की पॉइंटही आटतो, याचे पुरावे जगभर आहेत : ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१५ मध्ये (क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्के) दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली आणि तेथील बक्षिसे रोडावली. भारतात १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर हा बट्टा शून्य आहे, म्हणून तेथे पॉइंटाचे दर्शन दुर्मीळ. क्रेडिट कार्डावर मात्र अशी मर्यादा नाही. दुकानदार हा खर्च भावात मिसळतो आणि रोख देणाऱ्याकडूनही तोच भाव घेतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता याचा अंदाज मांडला, तेव्हा रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना पोचवते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात, असे दिसले. विमानतळावरील विश्रामकक्षात फुकट मिळणाऱ्या उपम्याचा यजमान कोण, हे यावरून कळावे.

दुसरा यजमान अधिक उदार आहे. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत न भरता किमान देय रक्कम, म्हणजे बहुधा पाच टक्के, भरून समाधान मानणाऱ्या धारकाला बिनव्याजी मुदत राहत नाही, व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीलाही लागते. महिना पावणेचार टक्के या रूढ दराने ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्याचे व्याज १,८७५ रुपये आणि त्यावरील कर ३३७ रुपये ५० पैसे होतो; एवढी रक्कम वर सांगितलेल्या कार्डावर पॉइंटांनी भरून काढायची तर ४,१४,००० रुपयांहून अधिक खर्च करावा लागेल. थकबाकीवरील व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे. अशा धारकाने कोणते कार्ड सरस याचा विचार करणे म्हणजे घर गळत असताना पडद्यांचे रंग निवडणे होय.

आणि तरीही तो विचार करतो, यातच महाशयांचे सामर्थ्य आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मोटारी धुणाऱ्या केंद्राने काही गिऱ्हाइकांना आठ शिक्के भरले की एक धुणे फुकट असे पत्र दिले, काहींना दहा शिक्क्यांचे, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही मोटार आठच वेळा धुवायची होती, तरी पहिल्या गटातील १९ टक्क्यांनी पत्र पूर्ण केले आणि दुसऱ्यातील ३४ टक्क्यांनी. कार्डासोबत येणारे स्वागताचे पॉइंट हे ते दोन शिक्के आहेत, आणि वर्षअखेरीस 'आणखी १८,००० खर्च केल्यास वर्गणी माफ' असा निरोप आला की चालता फ्रीज अचानक जुना वाटू लागतो.

न वापरलेल्या पॉइंटांच्या अंत्यविधीविषयी थोडे लिहून पत्र आवरते घेणे उचित. बँकेतील ठेव दहा वर्षे बेवारस राहिली तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते आणि त्यानंतरही वारसाला मागता येते. पॉइंट मुदतीत न वापरल्यास तो लोप पावतो आणि त्याच्यासाठी हिशेबात केलेली तरतूद बँकेला मोकळी होते. किती पॉइंट कधीच मागितले जाणार नाहीत आणि उरलेल्यांचा खर्च किती येईल, याचा अंदाज बँका विमागणिताच्या पद्धतीने बांधतात, याचा अर्थ पॉइंटाची नेमकी पैसेवारी बँकेच्या दप्तरात दरवर्षी मांडली जाते आणि ती ठाऊक नसलेला पक्ष या व्यवहारात एकच आहे.

म्हणून महाशयांना नम्र विनंती एवढीच की, त्यांनी आपल्या धन्यांकडे शब्द टाकून मासिक बिलाच्या त्याच उजव्या कोपऱ्यात, पॉइंटांच्या संख्येखाली, तिच्याच आकाराच्या अक्षरांत एक ओळ छापून घ्यावी : 'आज रोख घेतल्यास, शुल्क व कर वजा जाता, इतके रुपये.' ती छापली जाईपर्यंत धारकांनी हा भागाकार बिलाच्या पाठीवर स्वतः करावा.

कळावे. 'लोभ असावा' असे शेवटी लिहिण्याची रीत आहे. ती ओळ योजनेच्या माहितीपत्रकात पुरेशी आलेली असल्याने येथे गाळली आहे.