शुभमंगल, जरा डावीकडे

गोरज मुहूर्त सूर्यास्ताला ठेवणाऱ्या पूर्वजांना फोटोग्राफीची केवढी जाण! तिरपा सोनेरी उजेड आणि प्रकाश मऊ करायला पांढरा अंतरपाट. (गुरुजी अजून त्याला वस्त्रच समजतात.) परवा एका फोटोग्राफरने हे शास्त्र पुढे नेलं. स्टेजवर जांभळे एलईडी. त्यात नवरी भरल्या वांग्यासारखी दिसते. कार्यालयभर हिंडून त्याला निर्दोष उजेड सापडला तो भटारखान्याच्या उत्तरेकडच्या दाराशी, जिलबीच्या कढईपासून चार हातांवर. वधूवर तातडीने तिकडे रवाना झाले. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मंगलाष्टकं वेळेवर सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडच्या-पलीकडच्या रिकाम्या पाटांवर आम्ही मनोभावे अक्षता टाकल्या. अल्बम सुरेख आलाय. आचाऱ्याचा चेहरा तर विशेष खुललाय.