कास्ट आयर्न काका

वेकोलिच्या कोळसा खाणींतून निवृत्त झालेली माणसं वणीत साधारण तीन वाटांना लागतात. काही जण शेत घेतात आणि फंडाचा पैसा कपाशीत पेरतात. काही जण सकाळी रंगनाथस्वामींच्या देवळात हजेरी लावून दिवसभर टिळक चौकात देश चालवतात. तिसऱ्या वाटेचे मोजकेच. त्यांच्या दारात जुनी बुलेट असते. शेतवाल्याला नुकसान कळायला हंगाम संपावा लागतो. बुलेटवाल्याला रोज सकाळी कळतं.

या तिसऱ्या माणसाचं खरं नाव फक्त बँकेच्या पासबुकावर उरलेलं असतं. मोहल्ल्यात ते ‘कास्ट आयर्न काका’. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. 2010च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, ते इंजिन बंद पडलं आणि त्याच्या जागी ॲल्युमिनियमचं नवं आलं. तेव्हापासून काकांनी जगाचे दोन भाग केले आहेत : कास्ट आयर्न आणि बाकीचे. बाकीच्यांत नव्या मोटारसायकली, प्लास्टिकची दारं, हायब्रीड तूर आणि जावई येतात.

जावयाचा समावेश कारणाशिवाय नाही. जुन्या बुलेटला गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गियर वर, बाकीचे खाली. जावयाने हौसेने गाडी मागितली, चौकात समोर कापसाची बंडी आली आणि बिचाऱ्याने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागण्याऐवजी गाडी वरच्या गियरमध्ये गेली. जावई कापसात पडला म्हणून वाचला. काका धावत गेले आणि आधी गाडीचा फुटरेस्ट तपासला. मग जावयाला म्हणाले, “काहून बापा, इतकी साधी गाडी नाही समजली तुमाले?”

काकांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागतं : ‘ॲव्हरेज किती देते?’ हे विचारायचं नाही. विचारलंत तर ते इतिहासात शिरतात. 1955 साली मद्रासला ही गाडी बनायला लागली तिथून सुरुवात. मग बोअर 70, स्ट्रोक 90, झाले 346 सीसी. कुणी मध्येच ‘शोलेतली बुलेट’ म्हणालं तर काका हातातला पाना खाली ठेवतात. “ते बुलेट नव्हती. बीएसए होती. पिक्चर पाह्यता का झोपता?” एवढं सगळं ऐकून झाल्यावर ॲव्हरेज मात्र कळत नाही. ते काकांनाही माहीत नाही, कारण ते काढायला गाडी सलग चालावी लागते.

पण गाडी सुरू करताना काका बघण्यासारखे असतात. पोरं किक मारतात, काका किक ‘शोधतात’. चावी फिरवून ते हेडलाइटच्या डोक्यावरच्या ॲमीटरकडे बघतात. किक हळूहळू दाबत नेली की काट्याचा डावीकडचा झोल जातो आणि तो मधोमध येऊन थांबतो, म्हणजे ठिणगी पाडणारा पॉईंट उघडला. आता डाव्या हाताची डीकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढायची, किक जराशी पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक परत वर घ्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच लाथ. घाई केली किंवा टायमिंग पुढे असलं तर किक उलटी येते आणि नडगीवर लागते. काकांच्या उजव्या नडगीवर त्या प्रसंगांची नोंद आहे; पँट वर करून ते ती कुणालाही दाखवतात. पहिल्या लाथेत इंजिन लागलं तर काका आजूबाजूला बघतात. कुणी पाहिलं नसेल तर बंद करून पुन्हा सुरू करतात.

वणीत अशी गाडी ठेवणं हे मुळात हवामानाशी वैर. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, पंखा नाही. सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांवरून वारा गेला तर ते थंड होणार. आता मे महिन्यात आमच्याकडचा वारा माणसालाच भाजून काढतो, तो इंजिनाला काय थंड करणार? त्यात घुग्गुस रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक. इंजिनाला तेलाचा ओशटपणा असतोच. त्यावर कोळशाची धूळ बसते, उन्हाने भाजते आणि पात्यांच्या फटीत काळा थर धरतो. उष्णता आतल्या आत कोंडते, इंजिन तापतं, घाटात दम तोडतं. वणीला घाट नाही, हा काकांचा फायदा. पाटाळ्याच्या पुलाचा चढ तेवढा असतो आणि नेमकं तिथंच काका वर्धा नदीचं पाणी किती आहे ते बघायला थांबतात. “बंद नाही पडली. थंडी करून राहिलो.” उन्हाळ्यात वरोऱ्याच्या लग्नाला काका मंगलाष्टकांच्या हिशेबाने निघतात आणि पंगतीच्या शेवटी पोचतात.

हा थर काढायचा दर रविवारचा कार्यक्रम असतो. रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा घरात चुलीची काळजी कुणाला नव्हती, गॅस होता. काकांच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. आता डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश. एकेक पातं घासताना ते इतके रमतात, की काकूंनी तीनदा चहा गरम केलेला त्यांना ठाऊक नसतो.

काकूंचं म्हणणं वेगळं आहे. त्यांची रोजची तक्रार सडा-रांगोळीची. अंगणात रांगोळी घालावी तर बरोबर मधोमध तेलाचा डाग. दुसरी तक्रार दाढीच्या पात्यांची. पॉईंटचा गॅप पंधरा थाऊच्या, म्हणजे साधारण 0.4 मिलीमीटरच्या आसपास लागतो. फीलर गेज काकांकडे आहे, पण ते कुठं आहे हे कास्ट आयर्न बंद व्हायच्या आधीपासून कुणाला माहीत नाही. मग दाढीची नवी पाती चार एकावर एक. एक पातं 0.1 मिलीमीटर, चार पाती 0.4, हिशेब चोख. पॉईंट बरोबर बसतो आणि काका त्याच तेलकट पात्याने दुसऱ्या दिवशी दाढी करतात. “अजी, तोंड पाहा जरा आरशात,” काकू म्हणतात, “गाडीचं गुळगुळीत झालं, तुमचं फाटलं.”

मिस्तरीकडे मात्र काकांची खरी ओळख होते. गाडी दुकानात लावून निघून जाणं त्यांच्या रक्तात नाही. उलटा डबा ओढून ते इंजिनाशेजारी बसतात. जत्रेच्या बैलबाजारात मुरलेला दलाल जसा दात बघण्याआधी बैलाला चार पावलं चालवून बघतो, तसे काका आधी डोळे मिटून इंजिन ऐकतात. “टॅपेट नाही. रॉडही नाही. चैन लूज हाय आतली.” मिस्तरी पोराला डोळा मारतो, प्रायमरीचं झाकण उघडतो आणि चैन खरोखर लूज निघते. चाळीस वर्षं खाणीत डंपरच्या आवाजात काढलेल्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नाही, आतली चैन ऐकू येते. हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यांची थट्टा करताना मी थोडा हात राखून करतो.

टॅपेटची गोष्टही तशीच. इंजिन थंड असलं पाहिजे, पिस्टन वर असला पाहिजे. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायची. फिरली पाहिजे, वरखाली हलली नाही पाहिजे. यात आकडा नाही, माप नाही. मिस्तरीने जमवलं की काका दोन बोटं घालतात, मान हलवतात आणि पाव फेरा ढिलं करायला लावतात. काका चहाला गेले की मिस्तरी तो पाव फेरा परत कसतो. परत आल्यावर काका बोटं घालून म्हणतात, “आता कसं जमलं!” दोघांचे संबंध यावरच टिकून आहेत.

अलीकडे शेजारचा पोरगा नवी गाडी घेऊन आला. फ्युएल इंजेक्शन, बटन स्टार्ट, मीटरवर इंजिनाचं चित्र आणि ते चित्र पेटलेलं. “काका, पाहा ना काय झालं.” काका दोन फेऱ्या मारून खाली बसले. पॉईंट नाही. कार्बोरेटर नाही. कान लावला तर आवाज गोड. शेवटी विचारलं, “मंग करते काय शोरूमवाला?” पोरगा म्हणाला, “वायर लावते, कॉम्प्युटरवर पाह्यते.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला चहा पाजला आणि आपल्या गाडीचा कार्बोरेटर खोलून दाखवला. चालू होता तो. आता नाही.

तुम्हाला वणीकडे जुनी बुलेट विकत घ्यायची असेल तर काकांना जरूर सोबत न्या. गाडी बहुधा मिळणार नाही, कारण ते मालकासमोरच असे दोष काढतील, की तो व्यवहार मोडून भांडायला उठेल. पण तुमचे पैसे वाचतील. फक्त जाताना वाहन तुमचं असू द्या. काकांची गाडी सध्या उघडलेली आहे.