ठेच वेबव्हॅनला, शहाणपण ॲमेझॉनला
'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीत एक तपशील राहून गेला आहे : ठेचेचं बिल कोणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या वेबव्हॅनने ते भरलं. इंटरनेटवर यादी टाका, ठरलेल्या अर्ध्या तासात किराणा दारात, अशी १९९९ची ही योजना. पहिल्याच शहरात गिऱ्हाईक टिकतंय का, हे कळायच्या आत कंपनीने देशभर गोदामं उभारण्यासाठी बेक्टेल या बांधकाम कंपनीशी १०० कोटी डॉलरचा करार केला. मांडव घातला, आचारी बोलावले, पत्रिका वाटल्या. मुलीकडचा होकार तेवढा यायचा होता. जुलै २००१मध्ये दिवाळं वाजलं.

पेट्स.कॉमची तऱ्हा आणखी न्यारी. कुत्र्या-मांजरांचं खाणं खरेदीपेक्षाही स्वस्तात घरपोच! फेब्रुवारी २०००मध्ये ११ डॉलरला शेअर विकले, नोव्हेंबरात टाळं. जाहिरातीतला मोज्याचा बाहुला तेवढा तगला. २००२मध्ये त्याला मोटारकर्जाच्या जाहिरातीत नोकरी मिळाली, घोषवाक्य : प्रत्येकाला दुसरी संधी मिळायला हवी.

धडा घेणारेही निघालेच. गोदामात माणसांनी सामान शोधत हिंडण्यातच पैसा जातो, हे वेबव्हॅनमध्ये पाहिलेल्या मिक माउंट्झ यांनी कपाटंच माणसापाशी आणणारे यंत्रमानव बनवले. त्यांची किवा सिस्टिम्स २०१२मध्ये ७७.५ कोटी डॉलरला गेली. घेणारी ॲमेझॉन, पेट्स.कॉममध्ये पैसे घालून बसलेली तीच.

वेबव्हॅनच्या भागधारकांना आता किराणा वेळेवर मिळत असावा.