तीन अक्षरांची जहागीर

ज्या साम्राज्यावर सूर्य कधी मावळत नाही अशी ग्वाही आम्हांला शाळेत नित्य देण्यात येई, त्या साम्राज्याच्या भाषेत सूर्याला मावळविण्याचे काम ज्या 'सेट' नामक तीन रोमन अक्षरांच्या शब्दाकडे सोपविलेले आहे, त्याच्याच शिरावर जेली आळण्याचे, मोडलेले हाड बसविण्याचे, अंगठीत हिरा जडविण्याचे, छापखान्यात खिळे जुळविण्याचे, परीक्षेचा पेपर काढण्याचे, प्रवासास निघण्याचे आणि प्रसंगी घरास आग लावण्याचेही काम असावे, हा कारभार माझ्या अल्पमतीस आजतागायत उलगडलेला नाही.

आपल्याकडे इतकी खाती एका असामीकडे एकवटती, तर मामलेदाराने केव्हाच दप्तर जप्त करून चौकशी लावली असती. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी मात्र या जहागिरीची रीतसर पैमाईश केली. ज्याचा पहिला भाग 1884 साली व अखेरचा 1928 साली निघाला, आणि ज्याचे प्रमुख संपादक जेम्स मरे घरच्या बागेतील पत्र्याच्या खोपटात अवतरणांच्या चिठ्ठ्या उपसता उपसता 1915 साली, काम अपुरेच टाकून निवर्तले, त्या बृहत्कोशाच्या 1989 च्या 20 खंडी आवृत्तीत एकट्या 'सेट' या क्रियापदाचे 430 हून अधिक अर्थ असून त्यांच्या विवरणास सुमारे 60,000 शब्द लागले आहेत. चहाचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट ही नामांची प्रजा निराळीच. एवढ्या मोठ्या जहागीरदाराला वेळेची शिस्त लावली ती फक्त अभियंत्यांनी: साधे पोर्टलँड सिमेंट 30 मिनिटांच्या आत सेट होऊ लागता कामा नये आणि 600 मिनिटांच्या पुढे रेंगाळताही कामा नये, असा भारतीय मानकाचा सक्त हुकूम आहे.

मराठी मुलखात या घराण्याची 'सेटिंग' ही शाखा विशेष भरभराटीस आली. लिलावाची बोली पुकारली जाण्यापूर्वीच ती कोणाच्या नावे सुटणार हे ज्या गूढ विद्येमुळे सर्व संबंधितांस (आणि चहावाल्यासही) अवगत असते, त्या विद्येस याहून चपखल नाव आमच्या संस्कृतप्रचुर भाषेलाही सुचलेले नाही.

परंतु जहागिरी कोणाच्या टिकल्या? कोशाच्या नव्या संशोधनात 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले आणि 'सेट'चे अग्रस्थान खालसा झाले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्या एका क्रियापदापायी नऊ महिने खर्ची पडले.