आधी बिल, मग शाल

"अभिनंदन! उत्कृष्ट उद्योजक पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे. फक्त पंधरा हजार भरा. शाल, ट्रॉफी, दोन पास आणि पाहुण्यांबरोबर फोटो." उदगीरच्या माझ्या ओळखीच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याला गेल्या महिन्यात परगावाहून हा फोन आला. मी समोरच्याच स्टुलावर बसलो होतो. "साहेब, तेवढ्यात मला तांब्याची तार येते," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

पैसे भरून मिळते ती पावती. तिला पुरस्कार म्हणू नये.

त्याच्या पुढ्यात पाच एचपीची जळालेली मोटार उघडून ठेवलेली होती. काळी पडलेली तार छिन्नीनं तोडायची, उपसायची, खाचा साफ करून त्यात नवा कागद बसवायचा, वेढे मोजत नवी तार भरायची, दोऱ्यानं आवळायची आणि वर वार्निश. एक वेढा चुकला तर सगळं पुन्हा. रब्बीत रात्रीच्या लाइटीवर, कमी दाबात मोटारी जळतात. सकाळी हा शटर उघडायला येतो तेव्हा शेतकरी पायरीवर बसलेला असतो, कारण हरभऱ्याची पाण्याची पाळी थांबत नाही. या माणसाचा सत्कार गावानं करायला हवा, आणि फुकट करायला हवा.

उदगीरला ते जड नाही. एप्रिल 2022 मध्ये भर उन्हाळ्यात 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावानं तीन दिवस भरवलं. मग छोट्या व्यावसायिकांसाठी एक संध्याकाळ का नाही? जरूर करा, पण चार गोष्टी सांभाळा.

पहिली, छोटा म्हणजे कोण ते ठरवा. 1 एप्रिल 2025 पासून सरकारच्या लेखी अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' आहे. म्हणजे एखादी बऱ्यापैकी डाळमिल आणि ही दहा बाय बाराची खोली एकाच रांगेत. ही व्याख्या तशीच उचलली तर ट्रॉफी दरवर्षी मोठ्या गेटमधूनच आत जाणार. स्वतः राबणारा मालक आणि फार तर चार माणसं, एवढीच अट ठेवा.

दुसरी, वेळ. संध्याकाळी पाच ही पाहुण्यांच्या सोयीची वेळ. दुकानदाराचा खरा धंदा तेव्हाच असतो. कार्यक्रम शटर पडल्यावर, रात्री नऊला सुरू करा. सोयाबीनच्या आवकेत मोंढ्याला फुरसत नसते आणि लग्नसराईत आचाऱ्याला. तारीख धरताना दोन्ही टाळा.

तिसरी, बोलणं. पाहुण्यांना पाच मिनिटं पुरतात. ज्याचा सत्कार आहे त्याच्या कामाबद्दल नीट माहिती काढून दोन मिनिटं बोला. "अत्यंत कष्टाळू आणि मनमिळाऊ" हे कुणाच्याही गळ्यात घालता येतं. "यांनी भरलेली मोटार परत जळून आली नाही" हे एकाच्याच वाट्याला येतं. समोर बसलेल्या त्याच्या पोरांना ते आयुष्यभर पुरेल.

चौथी गोष्ट माझ्या लेखी सगळ्यांत मोठी. एका संस्थेकडे या रिवाइंडिंगवाल्याचं पंप दुरुस्तीचं बिल आठ महिने अडकलंय. 2006 चा कायदा सांगतो की नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगानं माल किंवा सेवा दिली, तर लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते करायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीची सोयही आहे. पण चार हजारांसाठी दुकान सोडून कोण हिंडणार? आणि तक्रार केली की पुढचं काम गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर आपण सगळे उधारी चालवतो.

तेव्हा आयोजकांनी व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रणाबरोबर एकच प्रश्न विचारावा: गावात कुणाचं देणं राहिलंय का? असेल तर ते आधी भागवा, मग शाल घालायला या.

आणि सुरुवात स्वतःपासून करा. ही संध्याकाळ उभी करणारी माणसंही छोटे व्यावसायिकच आहेत. मंडपवाला, आचारी, स्पीकरवाला, फ्लेक्सवाला, हारवाला, फोटोवाला. "कार्यक्रम गावाचा आहे, बघू पुढच्या महिन्यात" हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलंय. शेवटची सतरंजी गुंडाळली जाईल तेव्हा या सहाही जणांच्या हातात पूर्ण पैसे असू द्या. तेवढं जमणार नसेल, तर मंडपच घालू नका.