आग्रही आप्पा

आप्पांच्या घरी ‘नको’ हा शब्द चालत नाही. कुरिअरवाला सरबत घेतल्याशिवाय जिना उतरत नाही, आणि ताटावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांवरही श्रीखंड पडतं. अशी प्रेमळ माणसं घरोघर असतात, फक्त त्यांच्या हाती बोन्साय देऊ नये. मुलाने नेमकं तेच केलं. निवृत्तीनिमित्त उथळ निळ्या ट्रेमधला फायकस आणून दिला.

सकाळी पूजा आटोपली की एक तांब्या. दुपारी ऊन आहे म्हणून एक, संध्याकाळी दिवसभर ऊन होतं म्हणून एक. थंडीत कोमट. ट्रेखाली ताटली, आणि तीही कायम भरलेली. “रात्री तहान लागली तर?”

माई म्हणायच्या, “अहो, ते झाड आहे, जावई नाही.”

उन्हाळा सरता सरता पानं पिवळी पडून गळायला लागली. “बघ, तहानलंय,” म्हणत आप्पांनी चौथा तांब्या सुरू केला. या आजाराची हीच तर खोड आहे. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. लक्षणं उपासाची, दुखणं अजीर्णाचं.

पावसाळ्याच्या तोंडी भाची आली. तिने मातीत उदबत्तीची काडी खुपसून बाहेर काढली, ती काळीभोर, ओली. मग ट्रे उचलून खालून पाहिला. दोन भोकांपैकी एकात चिखल गच्च बसलेला, दुसऱ्यावर एम-सील.

“मामा, हे काय?”

“अगं, घातलेलं सगळं पाणी वाहून जात होतं!”

झाड बाहेर काढलं तर गटारासारखा वास. मुळं काळी, चिमटीत धरलं की साल निसटून हातात. भाची कात्री स्पिरिटने पुसून फिकट, घट्ट भाग लागेपर्यंत छाटत गेली. दुसऱ्याचं ‘बास’ जन्मात न ऐकलेले आप्पा प्रत्येक कापाला “बास, बास गं” करत होते. माईंची रव्याची चाळणी कामी आली. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि जाड वाळू चाळून धूळ काढून टाकली, थोडं पानांचं खत मिसळलं, मोकळ्या केलेल्या भोकांवर जाळी बसवली, झाड तारेने बांधलं. सावलीत ठेवायचं, नवे कोंब फुटेपर्यंत वरून आणखी खत नाही, आणि काडी ओली निघाली तर पाणीही नाही.

उथळ ट्रेतून पाणी कमी का निथळतं, हे तिने भांड्यांच्या स्पंजवर दाखवलं. भिजवून आडवा धरला, ठिबकणं थांबलं. उभा केला, पुन्हा धार लागली. तळाशी पाणी धरून ठेवणारा थर उथळ भांड्यातही तेवढाच जाड असतो, म्हणून आजारी झाडाचा ट्रे कलता ठेवायचा. आप्पांनी हा प्रयोग स्वतः पुन्हा पुन्हा केला. पाणी घालायला मिळत होतं ना!

पण उघडीबोडकी फांदी बघून त्यांचा चेहरा पडला. धीर द्यायला भाचीने हिरोशिमाच्या बोन्साय पाइनची हकीकत सांगितली. १९४५ च्या अणुबॉम्बमधून तो वाचला, यामाकी कुटुंबाने १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला, आज वॉशिंग्टनमध्ये हिरवागार उभा आहे.

आप्पांनी लक्षपूर्वक ऐकलं. मग काळजीने विचारलं, “पण तिथे त्याला वेळेवर पाणी घालतं ना कुणी?”